टायमिंग बेल्ट तुटला: आधी हवा भरून बघा, मग इंजिनाचं ठरवा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं सहा महिन्यांपूर्वी 2012 सालची आय10, 1.1 लिटर पेट्रोल, एका ओळखीच्या गृहस्थांकडून 1 लाख 85 हजारांना घेतली. मीटरवर तेव्हा 61 हजार किलोमीटर होते आणि "बेल्ट बदललाय" असं विकणाऱ्यानं तोंडी सांगितलं होतं. वडिलांना आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिससाठी न्यावं लागतं, त्यासाठीच ही गाडी. मागच्या आठवड्यात खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरवर खट् असा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. आता सेल्फ मारला की इंजिन नेहमीपेक्षा भरभर आणि हलकं फिरतं, पण चालू होत नाही. एक मेकॅनिक म्हणतो, "फक्त बेल्ट गेलाय, पाच हजारांत होईल." दुसरा म्हणतो, "इंजिन गेलं, फुल काम, 55 हजार." दीर म्हणतात, "भंगारात द्या, यात पैसे घालू नका." त्या विचारतात: "घाटात गाडी ताणल्यामुळे हे झालं का? विकणाऱ्यानं फसवलं का? आणि या तिघांपैकी ऐकू कुणाचं?"

---

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: सध्या तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका. तिघांनीही इंजिन तपासलेलं नाही. पाच हजार हा एक अंदाज आहे, 55 हजार हाही अंदाजच आहे आणि भंगार हा त्या दुसऱ्या अंदाजावर उभा केलेला निर्णय आहे. खरं काय ते अर्ध्या दिवसाच्या तपासणीत कळतं. त्यासाठी हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवावं लागत नाही, नवा बेल्टही लागत नाही.

एक गोष्ट मात्र आजपासून पाळा. सेल्फ मारणं पूर्ण बंद. "एकदा बघू दे" म्हणून येणारा प्रत्येक जण चावी फिरवतो. बेल्ट तुटल्यावर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागीच थांबलेला असतो, काही व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडे अडकलेले असतात आणि सेल्फ मारला की पिस्टन त्यांना खालून ठोकतात. बेल्ट पूर्ण न तुटता नुसते दात घसरले असतील, तर वाचलेलं इंजिनसुद्धा असं सेल्फ मारून बिघडू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, म्हणजे प्रश्नच मिटला.

आता तुमच्या मनाला लागलेली गोष्ट. घाटात गाडी ताणली म्हणून बेल्ट तुटला, असं तुम्ही धरून चालला आहात. तिसऱ्या गिअरवर चढ चढणं हे त्या इंजिनाचं रोजचं काम आहे. टायमिंग बेल्ट म्हणजे आत दोऱ्यांचा ताणा असलेला रबराचा दातेरी पट्टा; क्रँक (पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा) फिरली की तो कॅम फिरवतो. तो किलोमीटरनं झिजतो, तसाच वयानं आणि उष्णतेनंही जातो. रबर कडक होतं, दातांच्या मुळाशी भेगा पडतात, आणि मग तो घाटात तुटतो, सिग्नलला तुटतो किंवा सकाळी दारात गाडी चालू करतानाही तुटतो. बहुतेक कंपन्या बेल्टला किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्ही मर्यादा देतात, त्यातली जी आधी येईल ती. म्हणून "61 हजारच चाललीये, बेल्टला काय होतंय" हा हिशोब चुकतो. 2012 च्या गाडीत मूळचाच बेल्ट असेल, तर मीटर काहीही सांगो, त्याचं आयुष्य केव्हाच संपलेलं होतं.

सेल्फचा हलका आवाज काय सांगतो

भरभर, हलकं फिरणं म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नाहीये. हे ऐकून दुसऱ्या मेकॅनिकनं "इंजिन गेलं" म्हटलं असणार. इथेच नेहमीची गफलत होते. कॅम थांबलेला असला की काही सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडेच राहतात, त्यामुळे ते धडधाकट असले तरी तिथे कॉम्प्रेशन (हवेचा दाब) येत नाही. म्हणून बेल्ट नसताना कॉम्प्रेशन गेज लावून "शून्य आलं, व्हॉल्व्ह वाकले" असं कुणी सांगितलं, तर त्या आकड्याला काहीही अर्थ नाही.

पहिल्या मेकॅनिकची बाजूही सांगतो. काही जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पिस्टन पूर्ण वर असला तरी दोघांत फट राहते. तिथे बेल्ट तुटला की नवा टाकायचा आणि निघायचं. त्याच्या हाताखालून अशा गाड्या गेल्या असतील. तुमच्या 1.1 इंजिनात मात्र ही फट नाही. चार सिलिंडर, प्रत्येकी तीन व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण बारा. चढावर इंजिन जोरात फिरत असताना बेल्ट गेला असेल, तर एक-दोन तरी व्हॉल्व्ह वाकले असण्याची शक्यता मोठी आहे. पण शक्यता म्हणजे निदान नव्हे.

तपासणी कशी करून घ्यायची

हे मेकॅनिकला वाचून दाखवा किंवा सरळ पाठवा. नीट काम करणाऱ्याला यात राग येण्यासारखं काही नाही.

सगळ्यात आधी टायमिंगचं वरचं प्लॅस्टिक कव्हर काढून बेल्ट बघायचा. पूर्ण तुटलाय की अखंड दिसतोय? अखंड दिसला तरी खालच्या क्रँकच्या चाकापाशी सात-आठ दात साफ सोलून गेलेले असू शकतात. बेल्ट जागेवर दिसतो, पण क्रँक फिरली तरी कॅम हलत नाही. क्रँकच्या चाकाला दांड्यावर घट्ट धरणारी चावी (लोखंडी खीळ) कापली गेली तरी लक्षण हेच. म्हणून क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून हातानं, हळू, इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेला थोडी फिरवायची आणि कॅम हलतो का बघायचं. अडलं की थांबायचं, जोर लावायचा नाही.

मग चारही प्लग काढायचे. प्रत्येक भोकातून सारखी लांब अशी प्लॅस्टिकची नळी पिस्टनवर टेकवायची आणि चारही नळ्या एका उंचीवर येईपर्यंत क्रँक सावकाश फिरवायची. चार सिलिंडरच्या इंजिनात अशी जागा असते: टॉप डेड सेंटरपासून (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) पाव फेरा पुढे चारही पिस्टन एका पातळीवर, मधोमध येतात. आता एकही पिस्टन वर नाही, म्हणजे कॅम मोकळा फिरवला तरी व्हॉल्व्हला काही होणार नाही.

त्यानंतर टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) उघडायचं. एका सिलिंडरचे तिन्ही रॉकर (कॅमच्या धक्क्यानं व्हॉल्व्ह दाबणारे हात) ढिले होईपर्यंत कॅम पान्यानं फिरवायचा. रॉकर ढिले म्हणजे त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असायला हवेत. इथे बोटांनीच अर्धी बातमी मिळते. वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर (त्याच्या बसायच्या कड्यावर) पूर्ण बसत नाही, दांड्याचं टोक खालीच राहतं, म्हणून त्याचा रॉकर शेजारच्यापेक्षा स्पष्ट जास्त खडखडतो.

आता प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेजचा पाइप बसवून त्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. पाइपमधली व्हॉल्व्हपिन (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारी) काढलेली हवी. दाब 30 ते 40 पीएसआय पुरे. पण त्याआधी गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली लाकडाचे ठोकळे आणि शिवाय क्रँकचा बोल्ट एका माणसानं पान्यानं धरलेला हवा. हे टाळू नका. हवेनं तो पिस्टन खाली ढकलला गेला तर उरलेल्या तिघांपैकी दोन वर येतात आणि चांगल्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात.

मग फक्त ऐकायचं. सायलेन्सरच्या तोंडातून फुसफुस आली तर एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह गेला. एअर फिल्टरच्या पाइपातून आली तर इनटेक (हवा आत घेणारा). ऑइल भरण्याच्या झाकणातून थोडी हवा येणं साहजिक आहे. तिथून जोरात आली तर पिस्टन किंवा रिंगांचा संशय. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. वाकलेला व्हॉल्व्ह म्हणजे झाकण वाकडं बसलेला कुकर, वाफ धरतच नाही. त्यामुळे आवाज ओळखायला कान तयार असावा लागत नाही, भसाभस हवा निघते. चारही सिलिंडरला हेच करून कागदावर लिहून घ्यायचं.

गॅरेजमध्ये मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा असेल तर तो प्लगच्या भोकातून आत सोडून पिस्टनचा माथा बघा. काळ्या काजळीवर चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण दिसली, तर तिथे व्हॉल्व्ह आदळला आहे. खूण दिसली नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. हलका धक्का काजळीवर उमटत नाही, पण व्हॉल्व्हला पुरतो.

निकालाप्रमाणे पुढे

चारही सिलिंडर हवा धरत असतील तर नशीब बलवत्तर. नवा बेल्ट, नवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक), आयडलर (बेल्टला वाट देणारं चाक) असेल तर तोही, आणि कॅम-क्रँकचे ऑइल सील घालायचे. खुणा जुळवून क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायची, कुठे अडत नाही ना बघायचं आणि खुणा पुन्हा तपासायच्या. मग खरी कॉम्प्रेशन टेस्ट: चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचं कनेक्शन काढलेलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली, सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दणके. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण 160 ते 190 पीएसआय येतं आणि चौघांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसतो. एखादं कमी आलं तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. हलला नाही तर व्हॉल्व्ह.

एक-दोन किंवा सगळ्या सिलिंडरमध्ये व्हॉल्व्हमधून हवा गेली, पण पिस्टन शाबूत दिसतायत, तर काम हेडपुरतं आहे. याला "फुल इंजिन" म्हणत नाहीत. क्रँक, बेअरिंग, बोअर यांना हात लावायची गरज नाही. तुमच्या बाबतीत मला हीच शक्यता सगळ्यात जास्त वाटते.

तिसरी शक्यता वाईट. एखाद्या व्हॉल्व्हचं डोकंच तुटून आत पडलंय, पिस्टनला भोक किंवा तडा आहे, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे आहेत. तसं असेल तर कॅमेऱ्यात सहज दिसतं. 55 हजारांची चर्चा फक्त याच बाबतीत करायची.

एक सापळा मात्र ओळखून राहा. तपासणी न करता बेल्ट टाकला आणि गाडी तीन सिलिंडरवर थरथरत चालू झाली, की "चालवा, होईल सेट" असं सांगितलं जातं. होत नाही. न बसणारा व्हॉल्व्ह जळतो, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करतं, आणि एकदा मार खाल्लेल्या व्हॉल्व्हचं डोकं काही शे किलोमीटरनंतर तुटून पडू शकतं. मग हेडपुरतं असलेलं काम खरोखरच पूर्ण इंजिनाचं होतं. तुमच्या गाडीत डायलिसिसहून परतणारा माणूस बसतो. हा धोका तुम्ही घ्यायचा नाही.

हेड उतरवावं लागलं तर

वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून बसवू देऊ नका. काही ठिकाणी लेथवर ठोकून सरळ करतात, पण धातूत पडलेला ताण तसाच राहतो. वाकलेले सगळे नवे घ्या. सरळ दिसणाऱ्यांचीही लेथवाल्याकडून फिरवून खात्री करा. बारा व्हॉल्व्ह सील नवे. गाइडमध्ये (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीत) व्हॉल्व्ह डगमगतो का, गाइडला तडा आहे का, हे बघायला सांगा, कारण दांडा वाकताना गाइडला इजा होते आणि पुढे ऑइल जळून निळा धूर येतो. सीट कापून, घासून झाल्यावर हेड उलटं ठेवायचं, खळग्यांत पेट्रोल भरून काही मिनिटं सोडायचं. पोर्टमधून (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटेतून) थेंब आला तर तो व्हॉल्व्ह परत घासायचा. ही परीक्षा स्वतः उभं राहून बघा.

हेडचा तळ सरळपट्टी आणि फीलर गेजनं (पातळ मापपट्ट्यांनी) तपासायचा. साधारण 0.05 मिलिमीटरच्या आत वाक असेल तर फेस मारायची (तळ घासून सपाट करायची) गरज नाही. "आलंच आहे तर मारून घेऊ" याला नकार द्या, कारण धातू कमी झाला की व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतात. हेड बाहेर असतानाच चारही पिस्टन आळीपाळीनं पूर्ण वर आणून ब्लॉकच्या पातळीशी उंची मोजायची. एखादा इतरांपेक्षा खाली राहत असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलाय. पाच मिनिटांचं हे मोजमाप बऱ्याचदा राहून जातं आणि बांधलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

बांधताना हेड बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा कूलंट साचलेलं नको; बोल्ट आवळताना त्याच्या दाबानं ब्लॉक तडकतो. बोल्ट पुन्हा वापरायचे की नवे आणि किती टॉर्कला (जोरानं) आवळायचे, हे त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे. टॉर्क रेंच नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका. ऑइल आणि फिल्टर नवे, आणि 500 ते 1,000 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलायचे.

बेल्ट का तुटला, हेही शोधा

जुना बेल्ट फेकू देऊ नका, मागून घ्या. दोन बोटांत उलटा वाकवून बघा. दातांच्या मुळाशी बारीक भेगा आणि पाठ काचेसारखी गुळगुळीत असेल तर वय. रबर फुगलेलं, मऊ, ऑइलचा वास येतोय, तर कॅम किंवा क्रँकचं सील गळत होतं. एकच कड झिजून दोरे लोंबतायत, तर टेन्शनर किंवा चाक वाकडं चालत होतं. टेन्शनरचं बेअरिंग हातात फिरवून पाहा. खरखर आली किंवा अडकलं तर दोषी तोच. आणि कॅम हातानं फिरवताना जड जात असेल, तर त्याच्या बैठकींना ऑइल मिळालं नसावं. मूळ कारण तसंच राहिलं तर नवा बेल्टही जाईल.

बेल्टच्या पाठीवर कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि बहुतेकदा उत्पादनाचा कोड छापलेला असतो. फोटो काढून ठेवा. "बेल्ट बदललाय" हे खरं होतं का, याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा हाच. तोवर फसवणूक झाली असं ठरवू नका. पुष्कळ लोक अल्टरनेटरचा बाहेरचा बेल्ट बदलतात आणि मनापासून "बेल्ट बदललाय" सांगतात. मूळचाच बेल्ट निघाला तर त्या गृहस्थांना फोटो दाखवून खर्चात वाटा मागायला हरकत नाही. ओळखीचे आहेत, तेव्हा हाच मार्ग बरा. व्यक्तीनं व्यक्तीला विकलेली जुनी गाडी सहसा ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाही. डीलरकडून घेतली असती आणि बेल्टचा उल्लेख कागदावर असता, तर गोष्ट वेगळी होती. विम्याचीही आशा धरू नका. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाहीत.

पैशाचं ठरवताना

एकरकमी आकड्याला हो म्हणू नका. टप्प्यानं बोला: तपासणीची मजुरी आत्ता ठरवायची आणि ती वेगळी द्यायची, हेड उतरवलं तर लेथकाम, पार्ट आणि मजुरी अशी तीन वेगळी अंदाजपत्रकं, खाली (पिस्टन, सिलिंडरमध्ये) काही निघालं तर फोन आल्याशिवाय पुढे जायचं नाही. बदललेले सगळे जुने पार्ट परत मागायचे. हे बोलणं दिरांमार्फत नको, तुम्ही स्वतः करा. गाडी तुमची आहे आणि पत्रात तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की मेकॅनिकला तुमच्याशीच बोलणं सोपं जाईल.

दिरांच्या म्हणण्यातला एक मुद्दा मात्र विचारात घ्या. 2012 ची नोंदणी म्हणजे 2027 मध्ये 15 वर्षं होतील, आरसीचं नूतनीकरण आणि त्यासाठी फिटनेस तपासणी येईल. बॉडी गंजलेली असेल, सस्पेन्शनचंही काम निघणार असेल, तर हेडचा खर्च त्यात मिळवून मग बघा. बाकी गाडी चांगली असेल आणि काम हेडपुरतं असेल, तर मी दुरुस्तीच्या बाजूनं आहे. बंद गाडीला मिळणारी किंमत आणि तीच गाडी चालू स्थितीतली किंमत यांत हेडच्या खर्चाहून बहुधा जास्त अंतर असतं, आणि तेवढ्याच पैशांत आणलेल्या दुसऱ्या जुन्या गाडीचा बेल्टही कुणी बदललेला नसेल.

खालचं नुकसान निघालंच, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुनं इंजिन आणून बसवायचा सल्ला मिळेल. ते स्वस्त पडू शकतं, पण इंजिन नंबर आरसीवर असतो. बदललेल्या इंजिनाची आरटीओकडे नोंद करावी लागते आणि त्यासाठी नंबर लिहिलेलं खरेदीचं बिल लागतं. बिल न देणाऱ्याकडून घेऊ नका. असं आणलेलं इंजिन बसवण्याआधी त्याचाही टायमिंग बेल्ट नवा घाला, जमिनीवर असताना ते काम तासाभराचं असतं.

जुनी गाडी नुकतीच घेतलेल्या इतरांसाठी: सँट्रो झिंग, आय10 1.1, इऑन 0.8, 796 सीसीची अल्टो, डस्टरचं 1.5 डिझेल, फिगोचं डिझेल, फोक्सवॅगन-स्कोडाचं 1.5 टीडीआय, यांत बेल्ट आहे. मारुतीची के-सिरीज, आय10 चं 1.2 कॅपा, 1.3 मल्टिजेट डिझेल यांत चेन आहे. बेल्टवाली गाडी असेल आणि तारीख, किलोमीटर लिहिलेलं बिल हातात नसेल, तर बेल्ट आणि टेन्शनर लगेच बदला. ज्या इंजिनात वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो तिथे पंपही त्याच वेळी. डिझेलवाल्यांनी तर अजिबात थांबू नये, कारण तिथे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा आणखी कमी असते. काम झालं की टायमिंग कव्हरवर पक्क्या शाईनं तारीख आणि किलोमीटर लिहायला सांगा.